घरासोबत आलेली गॅसची फायरप्लेस: पेटवण्याआधी काय बघायचं

ब्रिटनमध्ये जुनं घर घेतलं की दिवाणखान्यात एक वस्तू हमखास पदरात पडते. लाकडी किंवा दगडी चौकट, खाली दगडी ओटा, पितळी कठडा आणि त्याच्या आत रचलेले काळे कोळसे. हे कोळसे खरे नसतात. ते सिरॅमिकचे असतात, त्यांच्याखाली गॅसचा बर्नर असतो, आणि नॉब फिरवला की त्यांच्या फटींतून पिवळ्या ज्वाळा वर येतात. हॅरो, स्लाव, रेडिंग, लेस्टरकडची 1930च्या सुमाराची सेमी-डिटॅच्ड घरं घेणाऱ्या आपल्या मंडळींना पहिल्या हिवाळ्यात हा प्रश्न पडतोच: हे पेटवायचं का?

ही वस्तू मुळात इथे आली कशी, हे दोन ओळींत सांगतो. डिसेंबर 1952मध्ये लंडनवर विषारी धुरकं पाच दिवस बसून राहिलं, हजारो माणसं दगावली, आणि 1956मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहरांत घरोघरी साधा कोळसा जाळणं बंद होत गेलं. पुढे 1967 ते 1977 या दहा वर्षांत सगळा देश उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूवर आला. कोळसा गेला, चिमण्या राहिल्या, आणि निखाऱ्यांची हौसही राहिली. मग कोळशाचं सोंग घेतलेली ही गॅस फायर त्या रिकाम्या चिमण्यांखाली बसली.

सोंग आहे म्हणूनच आपली फसगत होते. गॅसची ज्योत निळी हवी, पिवळी झाली की बर्नर साफ करायचा, हे आपण स्वयंपाकघरात लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथे तो नियम लागू पडत नाही. कोळसा जळतोय असं वाटावं म्हणून या फायरची ज्योत मुद्दाम पिवळी ठेवलेली असते. म्हणजे ज्योतीकडे बघून ‘ठीक आहे’ किंवा ‘बिघडलंय’ हे तुम्हाला कळणार नाही. नाकालाही कळणार नाही, कारण खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची आहे आणि त्याला ना रंग ना वास. गॅस अर्धवट जळला आणि त्याचा धूर चिमणीतून वर न जाता खोलीत आला, की तो माणसाला गुपचूप घेरतो. तेव्हा या फायरचं निम्मं आरोग्य बर्नरमध्ये आहे आणि निम्मं तुमच्या छपरावरच्या त्या विटांच्या नळीत. नवा माणूस ज्वाळेकडे बघतो, चिमणीकडे बघत नाही.

पहिलं काम: पेटवू नका, ओळख करून घ्या

आधीच्या मालकाने ‘आम्ही रोज लावायचो’ असं सांगितलं तरी एकदम पेटवू नका. आधी आपल्याकडे नक्की कुठला प्रकार आहे ते बघा. समोर काच नाही आणि कोळसे टोपलीत उघडे आहेत, तर ती बहुधा डेकोरेटिव्ह फायर आहे. दिसायला सर्वांत देखणी, ऊब द्यायला सर्वांत कंजूष. भिंतीत बसवलेली पेटी, वरच्या बाजूने गरम हवा येण्यासाठी फट आणि समोर कोळसे, अशी असेल तर ती जास्त ऊब देणारी. समोर पक्की काच असेल तर त्याहून चांगली. आणि चिमणीशी जोडलेलीच नाही असाही एक प्रकार असतो, फ्लूलेस. त्यात जळलेला वायू कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (कार्बन मोनॉक्साइड निरुपद्रवी करणाऱ्या भागातून) थेट खोलीत येतो, म्हणून भिंतीतला झरोका कायम उघडा असणं तिथे सक्तीचं.

फायरच्या खालच्या बाजूला, राखेच्या झाकणामागे किंवा साखळीला अडकवलेली एक धातूची पट्टी सापडेल. तिच्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, गॅसचा प्रकार, इनपुट किती किलोवॅट आणि बहुतेक वेळा ‘जीसी नंबर’, म्हणजे त्या मॉडेलचा ओळखक्रमांक, असतो. पट्टीचा फोटो काढून ठेवा. जीसी नंबर टाकून शोधलं तर बंद पडलेल्या मॉडेलचंही मॅन्युअल पुष्कळदा मिळतं, आणि या वस्तूच्या बाबतीत मॅन्युअल म्हणजे सर्वस्व आहे. का, ते कोळशांच्या भागात सांगतो.

त्याच फायरच्या मागे जुना बॅक बॉयलर दडलेला असू शकतो. 1970-80च्या घरांत चिमणीच्या पोटात बॉयलर आणि त्याच्यापुढे गॅस फायर अशी जोडी सर्रास बसवलेली असायची. घरात दुसरीकडे कुठेच बॉयलर दिसत नसेल तर इथे बघा. आणि फायर फारच जुनी वाटली, मागच्या बाजूला करड्या रंगाचा बोर्ड किंवा दोरीसारखं पॅकिंग दिसलं, तर खरवडू नका, ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती 1999 साली.

घरखरेदीच्या कागदांतही डोकावा. एप्रिल 2005 नंतर इंग्लंड-वेल्समध्ये फायर बसवली असेल तर तिची नोंद झालेली असायला हवी आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र असायला हवं. हरवलं असेल तर गॅस सेफ रजिस्टरकडून (गॅसचं काम करायचा परवाना असलेल्यांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून) त्याची प्रत मागवता येते.

दुसरं काम: गॅस सेफ इंजिनिअर बोलवा

1 एप्रिल 2009 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये कोर्गी या जुन्या नोंदणी संस्थेची जागा गॅस सेफ रजिस्टरने घेतली. आधीच्या मालकाने फाइलमध्ये कोर्गीचा शिक्का असलेला कागद ठेवला असेल तर तो आठवण म्हणून ठीक. त्याच्या भरवशावर फायर लावू नका.

इंजिनिअर दारात आला की ओळखपत्र मागायला संकोच करू नका. इथे त्यात कुणाला अपमान वाटत नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला फोटो, लायसन्स नंबर आणि मुदत असते. पण खरी माहिती मागच्या बाजूला आहे. कुठल्या उपकरणांवर काम करायची परवानगी आहे त्याची यादी तिथे असते, आणि तिच्यात गॅस फायरचा उल्लेख हवा. बॉयलर करणारा प्रत्येक जण फायर करतोच असं नाही. फोनवरच विचारून घेतलंत तर दोघांचीही खेप वाचते.

आपल्याकडे ‘ओळखीचा हँडीमॅन आहे, तो बघतो’ ही एक सवय असते. नळ गळत असेल तर खुशाल बोलवा. गॅसच्या कामाला मात्र परवाना नसलेल्या माणसाला पैसे देऊन बोलावलं तर तो कायदा मोडतो आणि जीव तुमचा टांगणीला लागतो. इथे चार पैसे वाचवायला जाऊ नका.

स्वतःच्या घरात राहणाऱ्याला दरवर्षी तपासणी करायची सक्ती नाही, पण वर्षातून एकदा करावीच. उन्हाळ्याच्या शेवटी केली तर इंजिनिअर लवकर मिळतो. भाड्याने राहत असाल तर घरमालकाच्या गॅस फायरची दरवर्षी तपासणी करणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे. नव्या भाडेकरूला राहायला येण्यापूर्वी, आणि आधीपासून राहणाऱ्याला तपासणीनंतर 28 दिवसांत, तपासणीच्या नोंदीची प्रत मिळायला हवी. न मागता मिळाली नाही तर मागा.

तपासणी चालू असताना बाजूला उभे राहा

चहा टाकायला आत जाऊ नका, हे काम बघण्यासारखं असतं. आधी चिमणी थंड असताना धुराची कांडी पेटवून तो धूर वर ओढला जातो का ते इंजिनिअर बघतो, छपरावर चिमणीच्या टोकाला असलेल्या मडक्यासारख्या तोंडातून तो बाहेर पडतो का तेही बघतो. मग कोळसे नीट रचून, दारं-खिडक्या बंद करून, फायर मोठी करून काही मिनिटं तापू देतो. त्यानंतर एक छोटी धूरकाडी फायरच्या तोंडाच्या वरच्या कडेखाली धरतो आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू नेतो. धुराची पांढरी रेघ वळून आत शिरायला हवी. ती बाहेर, खोलीकडे तरंगत आली की फायर नापास.

ही चाचणी आपल्या घरांत एका कारणासाठी फार महत्त्वाची आहे. आपल्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन तगडा असतो आणि फोडणीच्या वेळी तो फुल असतो. तो घरातली हवा बाहेर फेकतो, आणि ती भरून काढायला हवा मिळेल तिथून आत येते. सगळीकडे डबल ग्लेझिंग असेल तर सर्वांत सोपी वाट उरते ती चिमणीची. म्हणजे इकडे खोबऱ्याचं वाटण परतायला घेतलंत आणि तिकडे चिमणीतला धूर उलटा दिवाणखान्यात. भिंत पाडून हॉल आणि किचन एक केलं असेल तर विचारायलाच नको. म्हणून इंजिनिअरला स्पष्ट सांगा: आमचा फॅन असा आहे, तो पूर्ण वेगाने चालू ठेवून मधलं दार उघडं ठेवून पुन्हा बघा. चांगला इंजिनिअर हे सांगायच्या आधीच करतो.

त्याला आणखी काही गोष्टी विचारून घ्या. चिमणी शेवटची कधी झाडली? पूर्वी खरा कोळसा जळत असेल तर आत काजळी आणि ढासळलेला चुना असतोच. आत फुगवून बसवलेला चिमणी बलून किंवा बंद होणारी झडप आहे का? थंड वारा येतो म्हणून पुष्कळ लोक असं काहीतरी कोंबून ठेवतात आणि घर विकताना सांगायला विसरतात. वर पक्षी बसू नये अशी जाळी आहे का, आणि ती गॅस फायरला चालणारी आहे का? जॅकडॉ नावाचे कावळ्याच्या जातीचे पक्षी वसंतात चिमणीत काटक्या टाकून घरटं करतात. नांदतं घरटं काढायला 1981च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तोवर फायर बंद ठेवणं हाच उपाय.

भिंतीत किंवा फरशीलगत झरोका असेल तर तो कशासाठी आहे तेही विचारा. साधारण 7 किलोवॅटपेक्षा जास्त इनपुटच्या फायरला कायम उघडा झरोका लागतो, काहींना कमी इनपुटलाही लागतो. भारतातून आल्यावर पहिल्या डिसेंबरात त्या झरोक्यातून येणारी गार झुळूक नकोशी होते आणि हात आपोआप चिकटपट्टीकडे जातो. तो आवरा.

काही बिघाड निघाला तर इंजिनिअर तो ‘ॲट रिस्क’ (धोका होऊ शकतो) किंवा ‘इमिजिएटली डेंजरस’ (आत्ताच धोका आहे) या वर्गात टाकतो, तसं लेबल लावतो आणि तुमच्या संमतीने गॅस तोडतो. वाद घालू नका, आणि तो गेल्यावर लेबल काढून ‘आजच्या दिवस’ म्हणून पेटवू तर मुळीच नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म

धुराचा अलार्म वेगळा, हा वेगळा. खोक्यावर बीएस ईएन 50291 हा या अलार्मच्या मानकाचा क्रमांक बघून घ्या. ज्या खोलीत फायर आहे त्याच खोलीत, फायरपासून आडवं 1 ते 3 मीटर अंतरावर लावा. छतावर लावलात तर भिंतीपासून निदान 30 सेंटिमीटर दूर. भिंतीवर लावलात तर दारं-खिडक्यांच्या वर, पण छतापासून 15 सेंटिमीटर खाली. पडद्यामागे किंवा फुलदाणीमागे नको.

दुसरा अलार्म वरच्या मजल्यावर, चिमणीची भिंत ज्या बेडरूममधून जाते तिथे लावा. नव्वद वर्षांच्या विटांचे सांधे उघडे पडलेले असू शकतात आणि धूर तिथून झिरपतो. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून गॅस फायर असलेल्या प्रत्येक घरात हा अलार्म सक्तीचा आहे, स्वतःचं घर असलं तरी. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या घरांना सक्ती झाली. सक्ती नसली तरी लावाच.

अलार्म ताबडतोब बोंबलत नाही, हे लक्षात ठेवा. हवेत दशलक्ष भागांत 50 भाग वायू असेल तर तो तासाभरानंतर वाजतो, 300 भाग असेल तर तीन मिनिटांच्या आत. म्हणून शरीराकडेही लक्ष हवं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, दम लागणं, गळून गेल्यासारखं वाटणं, आणि ताप मात्र नाही. घरातल्या सगळ्यांना एकदम होतंय, बाहेर पडलं की बरं वाटतंय, परत आलं की पुन्हा सुरू: असं असेल तर ते फ्लूवर ढकलू नका. अलार्मलाही वय असतं. मागच्या बाजूला बदलण्याची तारीख छापलेली असते.

पेटवण्याची रीत

मॅन्युअलमध्ये असेल तेच खरं, पण बहुतेक नॉबच्या फायरचा क्रम असा असतो. नॉब आत दाबून ‘इग्निशन’कडे फिरवायचा. टक् असा आवाज होऊन छोटी पायलट ज्योत लागते. ती लागली की लगेच हात सोडायचा नाही, दहा-वीस सेकंद नॉब दाबूनच धरायचा. पायलटच्या ज्योतीत थर्मोकपल नावाची एक बारीक सळई असते. ती तापली की गॅसची झडप उघडी राहते. हात लवकर सोडला की ज्योत विझते आणि लोकांना वाटतं फायर बिघडली. मग नॉब हळूच आणखी दाबून मोठ्या ज्योतीवर न्यायचा.

पेटली नाही तर निदान तीन मिनिटं थांबा. साचलेला गॅस निघून जायला तेवढा वेळ हवाच. घाईने टकटक करत राहिलात तर भपकन पेट घेते. आणि चालू असलेली फायर आपोआप विझायला लागली तर त्याला ‘कटकट’ समजू नका. पुष्कळ फायरमध्ये पायलटलाच ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं: ज्योत थर्मोकपलवरून उचलली जाते, झडप बंद होते. वारंवार असं होतंय म्हणजे खोलीत जळका वायू साचतोय असं समजा, बंद ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा. ती सळई वाकवून किंवा बांधून ठेवण्याचा जुगाड करणारे महाभाग आहेत. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.

कोळशांना हात लावण्याआधी

कोळशांची मांडणी ही सजावट नाही. कुठला तुकडा कुठे, मोठा मागे की पुढे, दोन तुकड्यांमध्ये फट किती, हे सगळं कंपनीने चाचणी करून ठरवलेलं असतं. ज्योत तुकड्यावर आपटली की गार होते, अर्धवट जळते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ‘थोडी रिकामी वाटते’ म्हणून चार जादा कोळसे टाकणं, बागेतले गोटे ठेवणं, दुसऱ्या मॉडेलचे तुकडे ऑनलाइन मागवणं, सगळं वर्ज्य. आधीच्या मालकाची मांडणी फोटो काढून जशीच्या तशी ठेवणं हाही उपाय नाही, कारण त्यानेच ती चुकवलेली असू शकते. तुकडे मोजा आणि मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा.

एखाद-दुसऱ्या तुकड्यावर थोडी काजळी दिसणं चालतं. पण काळे मऊ झुबके लटकायला लागले, चौकटीवर पिवळट-तपकिरी डाग आले किंवा फायर चालू असताना खिडक्यांवर भरपूर पाणी धरायला लागलं, तर बंद.

तुकडे ठिसूळ असतात आणि जुन्या सिरॅमिक फायबरची धूळ फुप्फुसांना घातक मानली जाते. म्हणून घासणं, झटकणं, ठोकणं नको, आणि घरचा व्हॅक्यूम तर नकोच. तो बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत फेकतो. तुमच्या वाट्याचं काम एवढंच: फायर पूर्ण गार झाल्यावर चौकट आणि ओटा ओलसर फडक्याने पुसणं. आतली सफाई वार्षिक तपासणीत होऊ द्या.

रोजच्या वापरात

खरा कोळसा, लाकूड, कागद, उदबत्तीची काडी, सिगारेटचं थोटूक, काहीही आत टाकायचं नाही. ती चूल नाही. घरात रांगतं मूल असेल तर भिंतीला अडकवता येणारी संरक्षक जाळी घ्या. पितळी कठडा शोभेचा असतो. ओले कपडे समोर वाळत घालायचे नाहीत. वरच्या फळीवर गणपतीची आरास करायची आपली फार हौस असते, जागाही झकास दिसते. मात्र थर्माकोलचं मखर आणि कागदी माळा तिथे आहेत तोवर फायर बंद.

पाहुण्यांचा मुद्दा वेगळा सांगतो. पुण्याहून सासू-सासरे आणि शिवाय चुलत घराणं आलं की हॉलमध्ये गाद्या पडतात, आणि थंडी म्हणून ‘बारीक लावून ठेवू’ असं कुणीतरी म्हणतं. झोपलेल्या माणसाला गरगरणं, मळमळणं काही जाणवत नाही. झोपायच्या आधी फायर बंद म्हणजे बंद, आणि त्यांना जादा पांघरूण द्या.

वास आला किंवा अलार्म वाजला तर

गॅसचं मीटर कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात बघून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. त्याच्याजवळ एक लिव्हर असते: पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद.

गॅसचा वास आला की लिव्हर आडवी करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं कुठलंही बटण दाबू नका. चालू दिवा चालू राहू द्या, बंद असलेला बंद. सगळे बाहेर पडा आणि बाहेरूनच 0800 111 999 वर फोन करा. हा क्रमांक इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी, चोवीस तास. अलार्म वाजला तरी हेच: फायर बंद, सगळे बाहेर, फोन. कुणाला त्रास होत असेल तर 999. सिलिंडरचा एलपीजी जड असल्यामुळे जमिनीलगत बसतो, म्हणून आपण खालचं दार उघडतो. इथला पाइपचा वायू हवेपेक्षा हलका, वर जाणारा. खिडक्यांची वरची तावदानंही उघडा.

ठेवायची की काढायची

हिशोब सरळ आहे. 7 किलोवॅटची उघडी डेकोरेटिव्ह फायर तासभर चालली की बिलात 7 युनिट गॅस लागतो. त्यातली जेमतेम पाचव्या हिश्शाची ऊब खोलीत राहते, बाकी चिमणीवाटे आकाशाला. तोच गॅस कंडेन्सिंग बॉयलरमध्ये (धुरातली उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरमध्ये) जाळला तर साधारण नव्वद टक्के कामी येतो. घर तापवायला ही फायर वापरणं परवडत नाही. नाताळात, दिवाळीत, पाहुणे जमल्यावर दोन तास लावायला ठीक. वर्षातून चारदाच लावणार असाल तर तपासणीचा दरवर्षीचा खर्च त्या चार संध्याकाळींवर वाटून बघा. मला विचाराल तर काचेची, चांगल्या स्थितीतली असेल तर ठेवा. उघडी टोपली असेल आणि घरात लहान मूल असेल तर काढा.

काढायची ठरली तर तेही गॅस सेफ इंजिनिअरकडूनच. तो पाइप नीट बंद करून देतो. रिकामी झालेली चिमणी खालून प्लास्टरने लिंपून टाकू नका. खाली एक झरोक्याची जाळी आणि वर पाऊस अडवणारी टोपी बसवून घ्या, नाहीतर दोन पावसाळी हिवाळ्यांत त्या भिंतीवर ओल उतरते.